बिनआवाजाचा कॅमेरा

डॉक्टरांनी मोहनाचा उजवा हात धरून हळूच वर नेला. तो कानापर्यंत पोचायच्या आतच ती कळवळली.

“तुम्ही करता काय?” त्यांनी विचारलं.

“लग्नांचे फोटो काढते. बावीस वर्षं झाली.”

“मग एक तर लग्नं सोडा, नाहीतर तो जड कॅमेरा.”

लग्नं सोडणं शक्य नव्हतं. मोहना आणि हेरंब दोघं नवरा-बायको मिळूनच हा धंदा करत. बडोद्यात दांडिया बाजारात त्यांचा छोटा स्टुडिओ होता, आणि मराठी घरांतली निम्मी लग्नं तरी त्यांच्याकडे असत. हेरंब लांबून, गर्दीतून फोटो काढायचा. मोहना जवळ जायची, थेट बोहल्यापाशी. बायका तिच्यासमोर रडायला लाजत नसत, आणि तिचे फोटो चांगले येत ते त्यामुळेच.

आत आरसा नसलेले नवे मिररलेस कॅमेरे वजनाला निम्मे होते. पण त्यांना जुन्या लेन्स चालत नव्हत्या, आणि सगळ्या लेन्स दोघांत मिळून होत्या. एकीने बदलायचं म्हणजे दुसऱ्यानेही बदलायचं, नाहीतर एका घरात दोन चुली. हेरंबला बदल नको होता. जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगातून समोरचं जग जसंच्या तसं दिसतं, नव्यात डोळ्यासमोर एक इवलासा टीव्ही असतो, असं तो म्हणायचा. तरी खांद्याचं ऐकल्यावर त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. डभोईचा एक फोटोग्राफर येऊन जुने तीन कॅमेरे आणि सात लेन्स घेऊन गेला. त्या दिवशी हेरंब दुपारी जेवला नाही. पोटात बरं नाही म्हणाला.

नवे कॅमेरे आले, आणि लग्नसराई सुरू व्हायला दोन आठवडेच होते. मोहना रोज सकाळी खंडेराव मार्केटात जाऊन भाजीवाल्यांचे फोटो काढून हात बसवत होती. हा कॅमेरा माणसाचा डोळा आपणहून शोधायचा आणि सोडायचा नाही. शिवाय एक बटण दाबलं की त्याचा आवाजच बंद व्हायचा. मेथीच्या जुड्या बांधणारी म्हातारी हातभर अंतरावर असायची, आणि आपला फोटो निघाला हे तिला कळायचंही नाही. मोहना घरी येऊन हे सगळं उत्साहाने सांगायची. हेरंब “हं” म्हणायचा आणि पेपर उलटायचा. तो त्याचा सराव वर स्टुडिओत, एकटाच करायचा.

अशात शहरातल्याच तरसाली भागातून अवंतीचा फोन आला. तिचे वडील, ज्यांना घरीदारी सगळेच बापू म्हणत, रिफायनरीतून निवृत्त झालेले. थोरल्या बहिणीच्या, मनालीच्या लग्नाचे फोटो मोहना-हेरंबनेच काढले होते, त्यामुळे घर ओळखीचं. अवंतीचं लग्न मेमध्ये ठरलं होतं.

“मावशी, येत्या रविवारी करतोय,” अवंती म्हणाली. “बापूंच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, मेची वाट बघू नका.”

मोहनाने कॅलेंडरवर रविवारभोवती गोल केला.

“बाकी काही नसलं तरी चालेल. अल्बम नको, व्हिडिओ नको. मला फक्त बापूंचे आणि माझे फोटो हवेत. कन्यादानाचे. तुम्ही स्वतः काढा, मावशी. काकांना नका देऊ.”

“मीच काढीन,” मोहना म्हणाली.

तरसालीतला हॉल लहान होता, सत्तर-ऐंशी माणसांचा. मॅनेजर दारातच भेटला आणि कौतुकाने वर बोट दाखवून म्हणाला, “बेन, बधी लाइट नवी नखावी छे!” छतभर नव्याने बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्या लखलखत होत्या. उजेड भरपूर होता. मोहनाला हायसं वाटलं, कारण बापूंच्या तोंडावर फ्लॅश मारायची तिची तयारी नव्हती.

बापूंना चाकांच्या खुर्चीतून आणलं. सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती सैल पडली होती, दोन बोटं सहज आत जातील इतकी. खुर्चीमागे ऑक्सिजनचा सिलिंडर, नाकाशी नळी. मोहनाला बघून ते हसले. “चेहरा काही राहिला नाही, तेवढं सांभाळून घे हं.”

तिने पहिले दोन-तीन फोटो काढले. प्रत्येक खटक्याला बापूंची पापणी दचकून हलत होती. मंदाताई, त्यांची बायको, जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मोहना, आवाज जरा कमी होतो का गं? त्यांना सगळंच फार मोठं ऐकू येतं हल्ली.”

“होतो ना,” मोहना म्हणाली, आणि तिने ते बटण दाबलं. जुना कॅमेरा असता तर मला इथून चार पावलं मागे जावं लागलं असतं, हा विचार तिच्या मनात आला. तिला बरंही वाटलं. आपण योग्य तेच केलं, वेळेवर केलं, असं.

मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून अवंती समोर बसली. शुभंकर, नवरा मुलगा, तिच्या शेजारी. गुरुजींनी मंत्र आवरते घेतले होते. मंदाताईंनी पाण्याची धार धरली. बापूंची ओंजळ इतकी थरथरत होती की खालून अवंतीने आपल्या ओंजळीने ती उचलून धरली. बापू तिच्याकडे बघत राहिले. पाणी सांडलं, कुणी पुसलं नाही. हॉलमध्ये चमच्याचाही आवाज नव्हता. मोहना दीड हातावर गुडघ्यांवर बसली होती आणि तिचं बोट थांबत नव्हतं.

डोळ्याला लावलेल्या व्ह्यूफाइंडरमध्ये पुसटशा आडव्या रेघा सरकताना तिला दिसल्या. पण त्यात तसंही चित्र अधूनमधून थरथरायचंच. इवलासा टीव्ही, हेरंब म्हणतो ते खोटं नाही, असं मनाशी म्हणून तिने डोळा तसाच ठेवला. काढलेला फोटो मध्येच मागच्या पडद्यावर बघण्याची तिला सवय नव्हती. बघायला मान खाली घातली की समोरचं निसटतं, हे ती बावीस वर्षं शिकाऊ मुलांना सांगत आली होती.

हेरंब पलीकडे, मुलाकडच्यांत होता. त्याला तिथून बापूंची पाठ आणि गुरुजींचं डोकं दिसत होतं. अर्ध्या तासात बापू थकले आणि त्यांना घरी नेलं.

सोमवारी सकाळी स्टुडिओत मोहनाने फोटो मोठ्या पडद्यावर उघडले. पहिले तीन ठीक होते. चौथ्यापासून प्रत्येक फोटोवर जाड, मळकट काळे पट्टे होते, खिडकीच्या गजांची सावली आडवी पडावी तसे. एक बापूंच्या डोळ्यांवर, एक ओठांवर, एक अवंतीच्या कपाळावर. पुढच्या फोटोत ते थोडे खाली सरकलेले. तीनशे बारा फोटो. तिने शेवटपर्यंत सगळे पाहिले आणि मग हेरंबला हाक मारली.

तो मागे येऊन उभा राहिला. “सायलेंटवर होतीस?”

“हो. हे काय आहे?”

“त्या दिव्यांचं. एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आपल्याला दिसत नाही. सायलेंटवर कॅमेरा फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचत येतो. मध्ये दिवा मंदावला की तेवढा पट्टा काळा येतो.”

त्याने हे इतकं सरळ, न अडखळता सांगितलं की मोहनाने खुर्ची फिरवली. “तुला माहीत होतं?”

हेरंबने पडद्यावरचा फोटो पुढे सरकवला.

“हेरंब, तुला कधीपासून माहीत होतं?”

“आठवडा झाला. इथे ट्यूबखाली करून बघितलं होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.” मग त्यालाच ते ऐकवेना. “मला वाटलं तुला माहीत असेल. तूच आणलेस ना हे कॅमेरे. रोज मार्केटात जात होतीस.”

“मार्केटात उन्हात बसतात बायका!” ती ओरडली. बावीस वर्षांत ती स्टुडिओत अशी ओरडली नव्हती.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. हेरंबने ते फोटो आपल्या कॉम्प्युटरवर घेतले आणि दार लावून कामाला बसला. पट्टे काढता येतील, वेळ दे, एवढंच म्हणाला. मोहनाने दुपारी अवंतीला लावायला फोन हातात घेतला. काय सांगायचं ते तोंडाशी जुळवलं. मग वाटलं, पट्टे निघाले तर उगाच घाबरवल्यासारखं होईल. संध्याकाळी लावू. संध्याकाळी वाटलं, हेरंबनेच लावावा, त्याने लपवलं होतं. मंगळवारही तसाच गेला.

बुधवारी अवंतीचा मेसेज आला. “मावशी, घाई करत नाही. पण बापू रोज विचारतात. एक-दोन फोटो मोबाइलवर पाठवता आले तर त्यांना दाखवते.”

मोहनाने तो दहा वेळा वाचला. मग लिहिलं, “दोन दिवसांत पाठवते गं.” खाली नमस्काराचे हात जोडले.

गुरुवारी हेरंबने तिला बोलावलं. कुठल्याशा नव्या सॉफ्टवेअरने त्याने पट्टे भरून काढले होते. काळं कुठे दिसत नव्हतं. बापूंचा चेहरा स्वच्छ, उजळ होता. गाल भरलेले. डोळ्यांखालची काळी कड गेली होती, आणि तिच्याबरोबर त्यांची ती नजरही.

“हे बापू नाहीत,” मोहना म्हणाली.

“लांबून कळत नाही.”

“अवंतीला कळेल.”

“मग काय करू सांग!” हेरंबचे डोळे लाल झाले होते. “सांग ना, काय करू?”

तिने सांगितलं नाही. तिला तेव्हा फक्त त्याचा राग आला होता.

शुक्रवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. मनाली होती. बापू पहाटे गेले. बोलता बोलता ती थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, “मावशी, लग्नातला एक चांगला फोटो पाठवाल का? हार घालायला. त्यांच्याकडे अलीकडचा एकही नाहीये.”

हेरंब समोर उभा होता. त्याने हलक्या आवाजात म्हटलं, “तो दुरुस्त केलेला पाठव. आत्ता तरी पाठव.” मोहनाने नकारार्थी मान हलवली. पहिल्या तीनांतला, बटण दाबायच्या आधीचा, एक फोटो तिने पाठवला. त्यात बापूंची पापणी अर्धी मिटलेली होती.

तेराव्यानंतर ती तरसालीला गेली. हेरंब येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. बाहेरच्या खोलीत अवंती आणि मंदाताई होत्या. मोहनाने पेन ड्राइव्ह टीपॉयवर ठेवला आणि बसल्या जागी, पाणीही न घेता, सगळं सांगितलं. आवाज बंद करायचं बटण, दिवे, पट्टे. व्ह्यूफाइंडरमध्ये रेघा दिसल्या होत्या आणि आपण दुर्लक्ष केलं, हेही. हेरंबला माहीत होतं ते मात्र तिने सांगितलं नाही.

मंदाताई म्हणाल्या, “आवाज कमी कर म्हणून मीच म्हटलं होतं.”

“नाही हो, मंदाताई. तुमचा काय दोष.”

अवंतीने पेन ड्राइव्हकडे बघितलं. “तुम्हाला कधी कळलं?” तिने विचारलं.

“सोमवारी.”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी?”

“हो.”

अवंतीने बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुध, गुरू. चार बोटं तशीच उघडी राहिली.

“मावशी, बापू गुरुवारी रात्रीपर्यंत शुद्धीवर होते. उशीला टेकून बसत होते. तुम्ही आला असतात तर मी परत अष्टपुत्री नेसून त्यांच्यासमोर बसले असते. इथेच, या खोलीत. शुभंकरही इथेच होता. दहा मिनिटं लागली असती.”

मोहनाला ही गोष्ट सुचलीच नव्हती. फोटो कसे वाचवायचे, कसं सांगायचं, कुणी सांगायचं, चूक कुणाची, या सगळ्यात चार दिवस गेले. बापू अजून आहेत, तेच दृश्य परत मांडता येईल, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. लग्नं सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना सुचलं नाही.

“मी मेसेजही केला होता,” अवंती म्हणाली. “तुम्ही दोन दिवसांत म्हणालात. मी त्यांना तेच सांगितलं. ते गुरुवारी म्हणाले, उद्या येतील ना गं फोटो.”

तिचा आवाज चढला नाही. मोहनाने हात जोडले. अवंतीने पेन ड्राइव्ह उचलला.

“यात सगळे आहेत? पट्टे असलेले?”

“सगळे. हेरंबने दुरुस्त केलेलेही वेगळे ठेवलेत.”

“ते नकोत. ते काढून घ्या.”

“बरं.”

“आणि मावशी, आता परत येऊ नका. आईला त्रास होतो.”

मंदाताई दारापर्यंतही आल्या नाहीत.

घरी हेरंब वाट बघत होता. मोहनाने त्याला शब्द न् शब्द सांगितला. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, “मी त्या दिवशी तुला मुद्दामच सांगितलं नाही. स्टुडिओत पट्टे दिसले तेव्हा मला आनंद झाला होता, मोहना. वाटलं, एकदा फसू दे हिला, मग कळेल. असं कुणाचं तरी बारसं, साखरपुडा फसेल असं वाटलं होतं. हे नव्हतं वाटलं.”

मोहनाला हे कळलेलंच होतं.

“अवंतीला सांगितलंस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“का?”

“मेसेजचं उत्तर मी लिहिलं होतं,” ती म्हणाली.

त्या मोसमातली उरलेली लग्नं हेरंबने एकट्याने केली. सायलेंटचं बटण त्याने दोन्ही कॅमेऱ्यांवर कायमचं बंद करून टाकलं. मोहना खाली बसून अल्बम लावायची, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. खांद्यामुळे हल्ली जात नाही, असं विचारणाऱ्यांना सांगायची, आणि लोकांना ते पटायचंही. खांदा मात्र उन्हाळ्यापर्यंत पुष्कळ सुधारला होता. हात कानाच्या वर जात होता.