दाईच्या दगडाचा ठसा

सुगंधाबाईंनी ट्यूबलाइट बंद केली, पडदे ओढून घेतले आणि टेबललॅम्प उचलून फरशीवर आडवा ठेवला. उजेड जमिनीलगत सरपटत गेला. सतरंजीवर पसरलेल्या जाड, पिवळट कागदावर एकदम अक्षरं वर आली, कोणी आतून ढकलल्यासारखी.

"आता हात लाव," त्या म्हणाल्या. "आधी बोटांनी वाच, मग डोळ्यांनी."

क्षितिजा कोपरांवर भार देऊन पालथी झाली आणि कागदावरून बोटं फिरवू लागली. सुगंधाबाई शेजारच्या पाटावर बसल्या. गुडघे दुखत होते, पण खुर्चीवरून हे दिसलं नसतं.

असे ठसे त्यांनी तरुणपणी शेकड्यांनी पाहिले होते. कोरीव दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ताठ केसांच्या ब्रशने तो खाचाखाचांत ठोकायचा आणि सुकला की सोलून काढायचा. हा ठसा त्यांनी स्वतः घेतला होता. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक थडग्याचा दगड. कोणा इंग्रज व्यापाऱ्याने तो तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून आणून भायखळ्याच्या आपल्या बागेत उभा केला होता. १९७६ साली तो बंगला पाडायला काढला, तेव्हा त्यांना ग्रीक शिकवणाऱ्या विजयकरसरांना आणि त्यांना दोन दिवसांची मुदत मिळाली. तिसऱ्या दिवशी संगमरवराचा व्यापारी दगड घेऊन गेला. आज तो कोणाच्या तरी स्वयंपाकघराचा ओटा असेल. राहिला होता तो हा कागद, डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत ठेवलेला. खाडीच्या खाऱ्या हवेने त्याच्या कडा तेवढ्या मऊ पडल्या होत्या.

"डोरिस," क्षितिजाने पहिली ओळ वाचली. "दाई. बाई, आमच्या शेजारी, उत्तनला तीन डोरिस आहेत. एक तर सुके बोंबील विकते."

"ही सुद्धा काही राणी नव्हती. पुढे वाच."

"पुढे पाठ आहे मला. 'हिने मला पाजलं, म्हणून हा दगड.' आणि शेवटची ओळ, 'जी मुक्त झाली होती.'" तिने मान वर केली. "माझं अख्खं तिसरं प्रकरण ह्या एका ओळीवर उभंय. सोमवारी प्रबंध देतेय. तुम्ही आज का बोलावलंत पण? फोटो तर मी मागेच काढलेत."

सकाळी अकरापासून सुगंधाबाई हेच सांगायचं म्हणत होत्या. मधल्या वेळात पोहे झाले, दोनदा चहा झाला, क्षितिजाच्या वडिलांच्या, काळूरामच्या, गुडघ्याची चौकशी झाली.

क्षितिजा जवळच्याच मोरवा गावची. घरची मिठागरं होती. आता काळूरामच्या दोन रिक्षा आणि एक हार्डवेअरचं दुकान. अकरावीत असताना ती इंग्रजीच्या शिकवणीला आली आणि फडताळातल्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कुठली लिपी?" त्याला अकरा वर्षं झाली होती. तिच्या घरात ग्रीक येणारी ती पहिली, आणि भाईंदर पश्चिमेत बहुधा दुसरी.

तिचा फोन वाजला. आवाज एकदम बदलला.

"हाव बाबा, बाईंकडंच हाय. न्हाय, उशीर न्हाय होनार. आयला सांग, मी येतंय."

फोन ठेवते तोच दारावर टकटक झाली. समोरच्या हंसाबेन हांडव्याची ताटली घेऊन आत आल्या आणि अंधारात दोघींना जमिनीवर बघून थबकल्या.

"अरे सुगंधाबेन, दुपारी पडदा बंद? मला वाटला लाइट गेली." मग त्यांचं लक्ष सतरंजीकडे गेलं. "ओहो, खिचिया पापड सुकवला? असा पंख्याखाली नाही सुकत, टेरेसवर टाका ना. पण तो सेक्रेटरी चावी देईल तर शपथ."

"हंसाबेन, खिचिया नाही हो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडाचा ठसा आहे."

"मग तर शिळा झाला असेल." हंसाबेन स्वतःच खळखळून हसल्या. ताटली टीपॉयवर ठेवून म्हणाल्या, "गरम आहे तोवर खावा. ही पोरगी बघा किती सुकली. एवढा शिकून सासरी काय ग्रीकमध्ये भांडणार?"

"ग्रीकमध्ये भांडलं तर कोणाला कळणार नाही, काकी. तोच फायदा," क्षितिजा म्हणाली.

हंसाबेन गेल्या. दार लागलं. हांडव्याला कोणी हात लावला नाही.

"क्षितिजा, शेवटच्या ओळीवर बोट ठेव," सुगंधाबाई म्हणाल्या. "उजवीकडची दोन अक्षरं. वरच्या ओळींसारखी लागतायत?"

तिने बोट ठेवलं. परत वर नेलं, परत खाली आणलं.

"जरा मऊ आहेत. दगड तिथे झिजलाय म्हणून."

"झिजलेलं अक्षर उथळ लागतं. मऊ नाही लागत. टाकीने कोरलेलं अक्षर कितीही झिजलं तरी त्याला कुठेतरी धार राहते."

"मग?"

"ती दगडावरची नाहीत. मी केलेली आहेत."

क्षितिजाचं बोट तिथेच राहिलं.

सुगंधाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि सलग सांगून टाकलं, मध्ये थांबलं तर परत जमणार नाही अशा घाईने. पहिल्या दिवशी सरांसमोर त्यांनी ठसा घेतला. काढताना घाई झाली. कागद अर्धओला होता, खालच्या अंगाला वीतभर फाटला. सर रागावले नाहीत, उद्या दुसरा घेऊ म्हणाले. फाटका कागद सुगंधाबाईंनी बंगल्याच्या राडारोड्यात टाकून दिला. दुसऱ्या दिवशी शेवटचा एक कागद उरला होता. तो नीट निघाला, पण खालची ओळ अर्धी कोरीच होती. डावीकडे अक्षरांच्या थोड्या खुणा, उजवीकडे सपाट. सर सकाळपासून म्हणत होते, इथे ती मुक्त झाल्याचा उल्लेख असावा, असता तर काय मौज झाली असती. मग सर मुकादमाशी बोलायला फाटकाकडे गेले.

"मी कागद घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला. ओलाच होता. केसातला आकडा काढला आणि मागून दाबून दोन अक्षरं उठवली. डावीकडच्या खुणांना ती जोडली की 'मुक्त' असं वाचता येत होतं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

"का?" क्षितिजाने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"सरांना बरं वाटावं म्हणून, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते." त्यांनी चुरगळलेला पदर मांडीवर सपाट केला. "त्या वर्षी आमच्याकडची चंपा गेली. ठाकुरद्वारच्या घरात तिनेच मला वाढवलं. कोठीच्या खोलीबाहेरच्या बोळात झोपायची. साठ वर्षं आमच्याकडे होती, आणि ती गेल्यावर स्मशानातल्या अर्जावर तिचं आडनाव काय लिहायचं, हे घरात एकालाही सांगता आलं नाही. वडिलांनी शेवटी आमचंच लिहिलं. सगळ्यांना वाटलं, केवढा मोठेपणा. नंतर महिन्याभरात हा दगड आला. दाईचा. मला वाटलं, हिचं तरी होऊ दे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. क्षितिजा उठून बसली.

"म्हणजे माझं तिसरं प्रकरण गेलं."

"हो."

"सोमवारी द्यायचाय प्रबंध. आज शुक्रवार आहे, बाई."

"माहितीये."

"अकरा वर्षं शिकवलंत मला. दोन वर्षं मी ह्या ओळीवर लिहितेय, प्रत्येक पान तुम्हाला वाचून दाखवलंय. तुम्ही स्वल्पविराम सुधारलेत त्यात!" तिने दोन्ही हातांनी केस मागे ओढून धरले. "आमच्यात म्हण हाय... जाऊ दे. आत्ता बोलले तर तोंडातून भलतंच जाईल."

"बोल की. मला चालेल."

"मला न्हाय चालनार," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून मोरव्याची बोली आल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

तिने आपली पिशवी ओढली. सुगंधाबाईंना वाटलं, निघाली. पण तिने आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुंडाळी काढली.

"विजयकरसरांच्या मुलाकडे गेले होते परवा, दहिसरला. जितेंद्रकाका घर रिकामं करतायत. सरांचे कागद रद्दीत घालणार होते, म्हणून मी घेऊन आले. त्यात हा होता. बिघडलेला ठसा म्हणून मी नीट पाहिलाही नव्हता."

तिने तो सतरंजीवर उलगडला. तसाच जाड कागद, तीच पाच ओळींची उंची. खालच्या अंगाला वीतभर फाटलेला, आणि फाटलेल्या जागी मागून पातळ कागदाच्या पट्ट्या लावलेल्या. सुगंधाबाईंनी पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. खळ होती. सरांच्या घरी तांदळाच्या पेजेची खळ वाटीत झाकून ठेवलेली असायची.

"हा मी टाकला होता," त्या म्हणाल्या. "विटांच्या ढिगात."

क्षितिजाने दिवा अलीकडे ओढला. वरच्या चार ओळी उठून आल्या. पाचव्या ओळीत डावीकडे दोन-तीन अस्पष्ट खुणा आणि मग उजव्या टोकापर्यंत सपाट कागद. त्याच्या खाली, समासात, पेन्सिलीची एक तिरकी ओळ होती. ती वाचायला दोघींनाही दिव्याची गरज नव्हती.

*शेवटची ओळ उजवीकडे कोरी. दगडावर बोटाने दोनदा तपासली. २४ एप्रिल ७६.*

"दुसरा ठसा कधी घेतलात तुम्ही?" क्षितिजाने विचारलं.

"चोवीसलाच. सकाळी."

"आणि ही ओळ छापली तो सरांचा लेख?"

"पुढच्या जानेवारीत."

सुगंधाबाई पेन्सिलीच्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. सरांचा 'द' ओळखू येत होता, पोटाशी जरा जास्तच वळलेला.

त्या संध्याकाळी सरांनी नवा ठसा दिव्याखाली धरला होता आणि म्हटलं होतं, "तुझा हात फार चांगला आहे." एकोणपन्नास वर्षं त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं, थोडं लाजेने, थोडं अभिमानाने. त्यानंतर सरांनी त्यांना पुन्हा कधी ठसा घ्यायला नेलं नाही. वसईला गेले, गोव्याला गेले, एकटेच. "उन्हात कशाला येतेस, तू आपली सूची कर." सुगंधाबाईंनी सूची केली. बावीस वर्षं केली. सर आपल्याला जपतात, असं घरी सांगितलं.

"त्यांना माहीत होतं," क्षितिजा अखेर म्हणाली.

सुगंधाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. मग हात पुढे करून हांडव्याची ताटली उचलली, एक तुकडा तोडून क्षितिजापुढे धरला. तिने तो घेतला, पण खाल्ला नाही.

"लिहायला घे," सुगंधाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या प्रकरणात दाई राहू दे. तिचं नाव खरं आहे, दगड उभारणारा खरा आहे. पाचवी ओळ काढ. तिथे टीप दे की दोन अक्षरं ठसा घेणाऱ्या सुगंधा तळपदे हिने आकड्याने उठवली. तारीख घाल. मी सही करून देते."

क्षितिजाने लॅपटॉप उघडला. बराच वेळ फक्त टाइप करण्याचा आवाज येत राहिला. मग ती थांबली.

"बाई, हा फाटका ठसा पुरावा म्हणून छापावा लागेल. तोच खरा."

"हो. छाप."

"पण मग..." ती त्या पेन्सिलीच्या ओळीकडे पाहत होती. "समास कापता येतो फोटोत. नेहमीच कापतात. अक्षरांपुरतंच दाखवायचं. तसं केलं तर सगळं तुमच्याच नावावर राहील. सरांचं कुठेच काही येणार नाही."

सुगंधाबाई पाटावरून उठू लागल्या. गुडघ्यांनी लगेच साथ दिली नाही. भिंतीला हात टेकून त्या थोडा वेळ तशाच वाकून राहिल्या. मग सरळ होऊन त्यांनी पडदा बाजूला केला. दुपारचं ऊन थेट कागदावर आलं आणि उठलेली अक्षरं त्यात पार विरघळून गेली. समासातली पेन्सिल तेवढी काळी दिसत होती.

क्षितिजाने मोबाइल कागदावर धरला होता. ती वाट पाहत होती.

"जरा मागे सरक," सुगंधाबाई म्हणाल्या. "चारही कडा येऊ देत."