बापाची भीड

रंभा मिरची तोडायला तेलंगणात गेली, आणि मुखरूच्या घरातलं बोलणंही तिच्यासोबत टेम्पोत बसून गेलं. धानाची मळणी आटोपली की गावातल्या निम्म्या बाया दरवर्षी जातात, शिमग्याच्या आत परततात. त्या गेल्या की बाकीच्या नवऱ्यांच्या बोलण्याला ऊत येतो. मुखरूचं उलटं. किराणेवाल्याशी, पाहुण्यांशी, साऱ्या गावाशी त्याच्या वाटचंही रंभाच बोलायची. तो आपला मागं उभा राहून मान हलवायचा, आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं.

रंभा नसतानाच नेमकी शाळेची पालकसभा आली.

त्याची दिव्यानी दुसरीत होती. घरी बापाशी, कोंबड्यांशी हळू आवाजात पुष्कळ बोलायची. शाळेत मात्र तोंडाला कुलूप. गोपाल मास्तर माणूस भला, पण भल्या माणसांना दुसऱ्याला सुधारायची फार घाई असते. त्यांनी चाळीस माणसांसमोर विषय काढला.

"मुखरूभाऊ, पोरगी वर्गात बोलत नाही, कोणात मिसळत नाही. आई घरी नसते, त्याचा हा परिणाम. राजुऱ्याला वसतिगृहात टाका. चार पोरींत राहून मोकळी होईल."

फॉर्मही भरून आणला होता. सही तेवढी बाकी होती.

"आता का सांगाव मास्तर," शेजारच्या कलाबाईनं लगेच री ओढली, "लेकराले टाकून माय तिकडं मिरच्या तोडून राह्यली. पोरगी मुकी नाई होनार तं का होनार?"

बायांनी माना डोलावल्या. मुखरूचं डोकं तापलं. बारशाच्या दिवशी याच कलाबाईनं दिव्यानीला मांडीवर घेतलं होतं. पोर रडली नाही. मुठी आवळून नुसती वर आढ्याकडं बघत राहिली, आणि बापाच्या हातात आल्यावरच तिच्या मुठी सुटल्या. तेव्हा रंभा कुठं गेली होती? पहिली चार वर्षं तर तिनं गावची शीवही ओलांडली नव्हती. पोरगी आईमुळं अशी झालीच नव्हती. ती अशीच आली होती, बापाचं नाक घेऊन यावं तशी बापाची भीडही घेऊन. हे सांगायला किती वेळ लागतो? पण चाळीस डोकी त्याच्याकडं वळलेली, आणि जीभ टाळूला चिकटलेली. सही केली की सुटका होती. त्यानं पेन हातात घेतलंसुद्धा.

दाराशी दिव्यानी उभी होती. मुठी आवळून ती छताकडं बघत होती.

"मलेबी टाकलं होतं वसतिगृहात," मुखरू म्हणाला. आवाज फाटका निघाला. "मोकळा होईन म्हनून. माह्यी माय तं घरीच होती." त्यानं पेन खाली ठेवलं. "पाच वर्सं राह्यलो. कोनी मारलं नाई, सगळे चांगलेच होते. पन नाई झालो मी मोकळा. हे रंभाचं नाई मास्तर, हे माह्यं हाय. माह्यातूनच तिच्यात आलं. तिले नोका पाठवू."

इतकं सलग तो जन्मात बोलला नव्हता. मास्तर "बरं" म्हणाले आणि फॉर्म घडी करून खिशात घातला. कलाबाई पदराशी चाळा करत बसली.

बापलेक बांधावरून घरी निघाले. अर्ध्या वाटेत दिव्यानीनं विचारलं, "बाबा, तिथी तुह्या बाजूले कोन बसे?"

"कोनीच नाई."

"पाचही वर्सं?"

"हो."

"माह्या बाजूले रोशनी बसते," ती म्हणाली. "तेबी बोलत नाई. मधल्या सुट्टीत आमी दोघी चिंचेखाली बसून राह्यतो. मस्त वाटते."

मुखरू थांबला. आपल्याला बोलता येत नाही, म्हणून आपल्याशेजारी कोणी बसणार नाही, असं तो वसतिगृहाच्या दिवसांपासून धरून चालला होता. न बोलताही कुणाशेजारी जाऊन बसता येतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. आपल्याच सात वर्षांच्या पोरीचा त्याला हेवा वाटला, आणि रिकाम्या बांधावर उभ्या उभ्या त्याला रडू फुटलं.