वॉशरची मोटर आणि आमचे हे

काचेवर पाणी मारणारा वॉशर बिघडलेली गाडी आमच्या गॅरेजात आली की माझी जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या सीटवर. हे बोनेटखाली डोकं घालून म्हणतात, "ओढ." मी स्टिअरिंगजवळचा वायपरचा दांडा ओढते. हे कान देऊन ऐकतात. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, त्यातली तीस दांडा ओढण्यात गेली, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. ती हसतात. हे हसत नाहीत.

यांची पद्धत साधी आहे. पाणी येत नाही पण मोटर नीट घुमतेय, तर नळी नाहीतर फवाऱ्याचं भोक तुंबलंय. मोटर कुंथतेय, तर तिला वीज पुरत नाही, बहुतेक अर्थिंग, म्हणजे तिची काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडतात ती जागा, गंजलंय. मोटर गप्पच असेल, तर आधी फ्यूज बघायचा, मग टेस्ट लॅम्प लावून तारेत वीज येतेय का ते बघायचं. वीज येत असेल तर मोटर मेली. म्हणजे सगळी भिस्त कानांवर. आणि गेलं वर्षभर यांना कमी ऐकू येत होतं, हे एकट्या मला माहीत होतं. यांनासुद्धा नाही. अलीकडे लोक पुटपुटायला लागलेत, एवढीच यांची तक्रार होती.

मी सांभाळून घ्यायची. गिऱ्हाईक बोललं की तेच मोठ्याने पुन्हा बोलायची. मोटर वाजली की सीटवरूनच "वाजतेय हो" म्हणून सांगायची, जशी काही मला फार हौस. माणूस भारी मानी. कान गेले म्हटलं तर गॅरेजला कुलूप लावून घरी बसेल, याची मला धास्ती.

त्या दिवशी दुपारी शिवणबाई आल्या. त्या गावोगावच्या शाळांत शिवण शिकवतात, त्यामुळे त्यांची गाडी कायम धुळीत माखलेली. समोर ऊन असलं की काचेतून काही दिसत नाही, म्हणाल्या. चारपर्यंत त्यांना पुढच्या शाळेत पोचायचं होतं.

मी सीटवर बसले, दांडा ओढला. आतून बारीक, दमल्यासारखा आवाज आला. मी तोंड उघडणार तोच यांनी फ्यूज बघून लॅम्प लावलासुद्धा. लॅम्प झगझगीत पेटला. हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "वीज आहे, मोटर गप्प. मेली मोटर. नवी टाकतो."

"पण आवाज येतोय की," शिवणबाई म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बाईंसमोर यांना तोंडघशी पाडायचं माझ्या जिवावर आलं. "नाही हो बाई," मी म्हटलं, "मला तर काहीच ऐकू आलं नाही." बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग गुमान बाकावर जाऊन बसल्या.

नवी मोटर बसली. मी दांडा ओढला. पुन्हा तोच दमलेला आवाज, पण आता मला तो कबूल करायची सोय नव्हती, आणि पाण्याचा थेंब नाही. यांनी फ्यूज पुन्हा बघितला, तारा पुन्हा बघितल्या, लॅम्प पुन्हा पेटवला. कपाळावरचा घाम पुसायचंही यांना भान नव्हतं. शेवटी पाना खाली ठेवून हे स्टुलावर बसले.

"हात गेला गं माझा," हे म्हणाले. "साधी वॉशरची मोटर. शिकाऊ पोरंसुद्धा काढतील असला फॉल्ट. डोकंच चालेनासं झालं. उद्यापासून उघडायलाच नको."

ज्याला भिऊन मी वर्षभर खोटं बोलत आले, तेच माझ्या खोटेपणाने समोर आणून ठेवलं होतं. आणि या माणसाला तर वाटत होतं की आपली विद्याच गेली. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू.

मी टेबलावरची जुनी मोटर उचलली. दोन वायरी तिला लावल्या, मोटर यांच्या मुठीत दिली, मूठ माझ्या हाताने मिटली आणि वायरींची टोकं बॅटरीला टेकवली.

यांचा हात दचकला. मोटर मुठीत जोरात थरथरत होती.

"ही चालू आहे," हे म्हणाले.

"हो."

"वाजतेय?"

"खणखणीत."

हे मुठीकडे बघत म्हणाले, "मला ऐकू येत नाहीये."

"माहीत आहे मला. वर्ष झालं." मी मोठ्यानेच बोलले. "तुमचं डोकं शाबूत आहे. नुसते कान गेलेत. मघाशी मी बाईंसमोर खोटं बोलले."

यांनी शिवणबाईंकडे बघितलं. त्यांनी हळूच होकाराची मान डोलावली. आता हे चिडणार, असं मला वाटलं. पण हे उठले आणि म्हणाले, "सीटवर बस."

यांनी बोनेटमध्ये हात खोल घातला, नव्या मोटरवर तळवा टेकवला. "ओढ." मी दांडा ओढला. "कुंथतेय," हे म्हणाले, आणि यांच्या तोंडावर पुन्हा रंग आला. "अर्थिंग. मी लॅम्पची चिमटी स्वच्छ पत्र्याला लावली, म्हणून तो पेटला. मोटरची काळी तार दुसरीकडे जाते."

ती हेडलाइटमागच्या एका स्क्रूला बांधलेली होती, गंजून हिरवी पडलेली. यांनी ती पॉलिश पेपरने घासली, स्क्रू आवळला आणि बाईंची जुनीच मोटर परत बसवली. धडधाकट मोटर काढून ठेवणं यांच्या जिवाला लागलं असतं. मी दांडा ओढला, तर पाणी काच ओलांडून थेट बाईंच्या पदरावर. बाई हसल्या आणि पावणेचारला निघाल्या.

हात धुताना यांनी विचारलं, "म्हणजे वर्षभर तू काय काय बोललीस, ते मला कळलंच नाही?"

"शिव्याच जास्त होत्या."

"त्या तोंडावरून कळतात. बाकीचं सांग."

बाकीचं एकच होतं. यांना ताप होता तेव्हा मी ते यांच्या पाठीमागे बसून बोलले होते. उत्तर आलं नाही म्हणून, यांच्या कानांचं सगळं माहीत असूनही, चार दिवस रुसले होते. आता मी नळ बंद केला आणि यांच्या कानाशी तोंड नेलं.

"तुम्हाला काही झालं तर मी कशी राहू, याची मला फार भीती वाटते."

यांनी साबणाच्या हातांनीच माझा हात धरला.

"ऐकू आलं," हे म्हणाले. "पण आणखी एकदा सांग."