शेर्कोच्या गावची विहीर

पाचगणीला तेव्हा उन्हाळ्यातसुद्धा दुपारी पायावर गोधडी लागायची. ती हवा आता राहिली नाही. त्या हवेसाठीच शहात्तर साली शेर्को आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. इराकमधला कुर्द मुलगा, पुण्याला कॉलेजात शिकणारा. छातीचं दुखणं म्हणून डॉक्टरांनी त्याला वर धाडलं होतं. माझे सासरे हंबीरराव पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, मोठ्या लढाईत इराकला राहिलेले. त्याच्या गावाजवळच्या मोसूलचं नाव निघालं आणि त्यांनी त्याला घरातलाच मानलं.

त्याचं गाव आदल्या वर्षी सरकारी फौजेनं पाडलं होतं. आता हातात मावेल एवढ्या सिनेमाच्या कॅमेऱ्यानं तो ते गाव आमच्या डोंगरावर पुन्हा उभं करत होता. टेबललँडची कड म्हणजे त्याच्या गावचा कडा. शेजारची रंगूबाई त्याची आई आणि मी बहीण. डोक्याला रुमाल बांधून, घागरी घेऊन आम्ही उतरायचो, पुन्हा चढायचो.

"लेका, तुज्या आईला कवा बसू देतोस का न्हाई?" रंगूबाई म्हणायची. "का मरस्तोवर पाणीच आणू?"

तो हसायचा आणि म्हणायचा, "आई, अजून एकदा."

फिल्मच्या शेवटी मात्र एक तुकडा खरा होता. त्याचा भाऊ सरहद्दीपलीकडं नाव बदलून लपला होता, तिथून तो तुकडा कुणाच्या तरी हाती आलेला. बेकरीच्या दारात भाऊ उभा, वर दुकानाच्या नावाची पाटी. शेर्कोनं आम्हाला बजावलं होतं, "हे बाहेरच्या कुणाला दाखवू नका. तो सापडला तर मारतील."

शेर्को वाईला औषध आणायला गेला होता, तेव्हा दोघेजण आले. चांगले कोट, हिंदी बोलणारे. आम्ही त्याच्या गावचे, म्हणाले.

पलटणीत गाववाला भेटला की आधी गाव विचारायचं आणि खूण पटली की एका ताटात जेवायचं. मामंजींची तीच रीत.

"गावचा हाईस म्हंतोस, तर विहीर कुटं हाय सांग."

"अक्रोडाखाली," एकजण म्हणाला. "आता दगडांनी बुजलीय."

अक्रोडाची खूण शेर्कोनंच सांगितलेली. मामंजींचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "सूनबाई, च्या टाक. गाववाल्याबिगर कुणाला ठावं असतंय हे?"

"मामंजी, शेर्को येऊ द्या की," मी म्हटलं.

"आगं, ही काय परकी हायती व्हय?"

दारं लावून, भिंतीवर चादर टांगून मामंजींनी शेर्कोच्या यंत्रावर फिल्म दाखवली. रंगूबाई पाणी घेऊन उतरली, मी उतरले.  शेवटचा तुकडा त्या दोघांनी पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. एकजण उठून चादरीजवळ गेला आणि बेकरीवरची पाटी वाचत राहिला. चहाला त्यांनी हात लावला नाही.

"संध्याकाळी जेवायलाच या," मामंजी म्हणाले.

"जरूर," ते म्हणाले.

शेर्को आला तेव्हा मामंजींनी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. विहिरीशी आल्यावर त्यानं त्यांना थांबवलं.

"बुजलीय, असं म्हणाले?"

"व्हय. दगडांनी."

"सुभेदारसाब, आम्ही गाव सोडलं तेव्हा विहीर पाण्यानं भरलेली होती. बुजवली ती फौजेनं. माझा भाऊ एकटा कड्यावर लपून बघत होता. बाकी तिथं फौजच होती."

 शेर्को पोस्टात धावला. बेकरीच्या नावानं तार केली, पण ती कधी पोचेल हे पोस्टमास्तरांना सांगता येईना.

परत येऊन तो ओट्यावर बसला. "आता ते जेवायला आले तर बरं," म्हणाला. "आले तर समजायचं, त्यांना अजून काही विचारायचं राहिलंय, भावाचा पुरता पत्ता लागलेला नाही."

मी भाकरी थापत होते. मामंजींनी ताटं मांडली आणि पलटणीतल्यासारखे ताठ होऊन दारात उभे राहिले. दिवेलागण झाली. रस्त्यावर पाऊल वाजलं की आम्ही तिघं वळून बघायचो, आणि तेच असावेत म्हणून मी देवाला हात जोडायचे. पावलं पुढं निघून जायची.