ओल्या रानातले बुडखे

तोडणी सुरू होऊन तास झाला, तेव्हा मी पहिल्या सरीत वाकून पट्टी लावली. तोडलेल्या उसाचा बुडखा जमिनीवर नऊ सेंटिमीटर. पुढचा अकरा. ऊस मातीलगत तोडला तर मातीतल्या पेरांवरचे डोळे फुटतात आणि खोडवा, म्हणजे त्याच मुळांवरचं पुढचं पीक, जोमात येतो. वर बुडखा राहिला तर त्याचेच डोळे आधी फुटतात, पण त्यांच्या मुळांना माती मिळत नाही. यंदा आम्हाला खोडवा यायलाच हवा होता. माझ्या वडिलांची, आबांची कंबर गेलेली, नव्या लागणीचं बळ घरात कुणात नव्हतं.

"भिकनभाऊ, खालून तोडा ना."

भिकन नांदगावकडचा तोडकरी, दिवाळीपासून रोज असाच वाकलेला. त्याने मानही वर केली नाही. मोळी बांधता बांधता त्याची बायको कलाबाई हसली. "ताई, कॉलेजात पट्टी लावून ऊस तोडत्यात व्हय?"

"कंबर दुखते म्हणून वरून तोडताय तुम्ही."

"कंबर तर दुखतेच," भिकन म्हणाला. "पण हे बघा." त्याने मातीलगत घाव घातला. ऊस तुटला, पण सगळं बेट मुळांसकट उचकटलं. कोयत्याला चिखल. "रान ओलं हाय. पाणी कुणी दिलं?"

मी बांधावर बसलेल्या आबांकडे पाहिलं. तोडणीआधी पंधरा दिवस पाणी बंद ठेवायचं, हे मला आबांनीच शिकवलं होतं.

"तोडकऱ्यांची टोळी येईना," आबा खाली बघत म्हणाले. "ऊस वाळत चालला. वजन जाईल म्हणून परवा सोडलं एक पाणी."

भिकन पुन्हा वरून तोडू लागला. बुडखे तसेच राहिले.

पाचव्या दिवशी रान घट्ट झालं. टोळी शेजारच्या मळ्यात होती. कलाबाई पाजळलेला कोयता घेऊन आली. "बुडखे छाटायला हा घ्या, रविवारी परत द्या."

मी एका टोकाकडून बुडखे छाटत निघाले, आबा दुसऱ्या टोकाकडून, आमचा जुना कोयता घेऊन, गुडघ्यांवर. दुपारनंतर पट्टी कुठे ठेवली तेही आठवेना. रविवारी कोयता परत गेला तेव्हा मधल्या सहा सऱ्या राहिल्याच होत्या.

पुढच्या आठवड्यात त्याच सहा सऱ्या आधी हिरव्या झाल्या. छाटलेल्या रानात मातीतून जेमतेम टोकं दिसत होती.

"हेच बरे दिसतात की गं," आबा म्हणाले.

मी एक कोंब धरून ओढला. तो अलगद हातात आला. मुळं कोरडी, मातीला न टेकलेली.

आबांनी तो घेऊन मुळांवरून बोट फिरवलं. मग बांधावरचा जुना कोयता उचलला आणि त्या सहा सऱ्यांत पुन्हा गुडघ्यांवर बसले.