गोड्या पाण्याची शमामा

मी शमामा बोलतेय. म्हैस आहे हो, पण चिबायिशच्या पाणथळीत मला नुसती म्हैस म्हणायची कुणाची छाती नाही. मी कळपाची पुढारीण. मी पाण्यात उतरले की बाकीच्या उतरतात, मी अडले की सगळ्या अडतात.

माझा जन्म बोरूच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या, बेटावरचा. इथे जमीन आयती मिळत नाही. बोरू आणि चिखलाचे थर देऊन ती करावी लागते. मालकीण उम्म जासिब हिने मला स्वतःच्या पदराने पुसलं आणि घमघमणाऱ्या इवल्या खरबुजाचं, शमामाचं, नाव ठेवलं. "काळी आहे, पण गोड निघेल," म्हणाली. निघालेच! माझ्या दुधावरच्या सायीसाठी बाजारात बायका भांडतात.

आम्हाला दावं नाही, राखण नाही. सकाळी आपापल्या पोहत चरायला जायचं आणि संध्याकाळी मालकाने, म्हणजे अबू जासिबने हाळी दिली की परतायचं. माणसं आमच्यावर विश्वास ठेवतात आणि आम्ही पाण्यावर.

पुढे फुरात नदीचं पाणी कमी येऊ लागलं. उन्हाळे तर असे तापले की विचारू नका. अबू जासिबने ठरवलं, आलेलं पाणी जाऊच द्यायचं नाही. पाणी जिथून बाहेर पडायचं, तिथे त्याने बोरूचा आणि चिखलाचा बांध घातला. काय खपला बिचारा! पाणी चढलं तसा मला म्हणाला, "बघ शमामा, तुझ्यासाठी समुद्र आणलाय!"

खरंच आणला की! उन्हाने पाणी तेवढं उचललं, मीठ मागे ठेवलं. पाणी आधी मचूळ झालं, मग खारट. मासे उलटे तरंगले, बोरू पिवळा पडला. माझा डावा डोळा जळजळून पांढरा झाला आणि गेलाच. मग माझ्या पारडीचेही डोळे गळू लागले.

अशात व्यापारी आला आणि काठावरूनच आम्हाला न्याहाळू लागला. पाण्यात म्हैस अन् वर मोल! "पुन्हा येतो, तोवर ठरवा," म्हणून गेला. कळप विकायचा म्हणजे बेट सोडून शहरात जायचं. उम्म जासिब आत जाऊन रडली.

त्याच दिवसांत नासिरिया शहरातून डॉक्टर सुहाद आली. ही पाण्याची डॉक्टर. होडीतून फिरते, पाण्यात यंत्र बुडवून खारेपणा बघते. तिची आजी इथल्याच बोरूत वाढलेली. उम्म जासिबने तिला कॉफी दिली. तिने कप घेतला आणि न पिता खाली ठेवला.

अबू जासिब सावरून बसला. इथली रीतच आहे, पाहुण्याने कॉफी खाली ठेवली म्हणजे त्याला काही मागायचंय. शब्द मिळेपर्यंत तो पीत नाही, आणि तसाच उठून गेला तर घराची अब्रू गेली.

"माग पोरी," अबू जासिब म्हणाला. "माझी होडी माग."

"काका, बांध फोडा."

"बांध? त्यापेक्षा माझी मिशी माग!"

"मिशीचं काय लोणचं घालू? कोंडलेलं पाणी नासलंय, काका. वरून नदीचं पाणी अजून येतंय, पण हे खारं बाहेर गेल्याशिवाय ते शिरणार कुठे?"

"आणि पातळी उतरली तर?"

"उतरणारच, खोटं नाही सांगत. थोडंच राहील, पण पिण्याजोगं राहील."

उम्म जासिब कडाडली, "कॉफी गार होतेय हो! शमामाचा दुसराही डोळा जायची वाट बघताय का?"

तो उठला आणि फावडं घेतलं. मगच सुहादने कप तोंडाला लावला.

बांधाला वाट केली तसं पाणी उतरलं. चिखल उघडा पडून घाण वास सुटला. "अबू जासिबने घरचं पाणी हाकललं!" म्हणून शेजारी हसले. त्याला घास जाईना. काही दिवसांनी सुहादने पुन्हा यंत्र बुडवलं आणि हसून मान डोलावली. तरी त्याने माझ्याकडे बघितलं. अख्खा कळप माझ्याकडेच बघत होता.

मी तोंड घातलं. जरा मातकट, पण गोडं! पोट भरेतो प्याले. मागून सगळ्या आल्या, पारडीसुद्धा. अबू जासिब कपड्यांसकट पाण्यात शिरला आणि माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला.

व्यापारी पुन्हा आला तेव्हा उम्म जासिबची कॉफी उकळतच होती. त्याला बघून तिने ती चुलीवरून उतरवली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला.

"कॉफी नाही का, ताई?"

"नाही हो भाऊ. चहाच घ्या. चहावर काही मागता येत नाही."

तो चहा पिऊन गेला.

आता मी म्हातारी झालेय. एकच डोळा आहे, पण त्याला माझी आता म्हैस झालेली पारडी पोहताना दिसते. तिचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. बांधाची वाट सुहादच्या सल्ल्याने कधी थोडी लिंपतात, कधी मोकळी करतात, पण बंद कधीच करत नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांनो, या एकडोळीचं एवढं ऐका. पाण्याला आमच्यापर्यंत येऊ द्या. आल्यावर त्याला पुढे कसं जाऊ द्यायचं, ते आम्ही शिकलोय.

चला, मालकाची हाळी आली. मी हलल्याशिवाय कळप हलायचा नाही.