चौथ्या दिवशीची धून

भूकंपाला तीन वर्षं होत आली होती. बहुतेक इमारतींभोवतीच्या परांच्या उतरल्या होत्या, लिफ्ट पुन्हा चालू झाल्या होत्या आणि लोकांना आता एकाच गोष्टीचे वेध लागले होते. शहरातल्या वादकांवर टीव्हीवर नवी मालिका येणार होती. शुक्रवारी, संध्याकाळी आठला. बेकरीत, सलूनमध्ये, जिन्यात, जो तो विचारायचा, "आपली गल्ली दाखवलीय का?"

गल्लीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. खरं तर ती ड्रमवाल्याची वहिनी. पण त्याचं ऐकून सगळ्यांनीच तिला वहिनी करून टाकलं होतं. मालिकेची लेखिका तीन दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळं टिपून घेऊन गेली होती, त्यामुळे वहिनीही मनातून खूश होती.

सोमवारी दीर फोन नाचवत आला. "जाहिरात आली, वहिनी. तुमचा प्रसंग आहे त्यात."

वहिनीने हात पुसले आणि बघितलं. तंबूंचं मैदान, पाण्याची रांग, एक देखणी नटी. तिने ट्रम्पेट ओठांना लावला आणि एक संथ, रडवी धून निघाली. नटीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"ही मी?" वहिनीने विचारलं.

दिराने फोन खाली केला. त्या दिवशीची धून ही नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

भूकंपात सभागृहाचं छत कोसळलं, त्याखाली वहिनीचा नवरा गेला. बँडमध्ये तो ट्रॉम्बोन वाजवायचा. चौथ्या दिवशी मैदानात पाण्यावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले, तेव्हा सासऱ्यांनी ढिगाऱ्यातून काढलेला ट्रम्पेट तिच्या हातात दिला. ते एवढंच म्हणाले, "त्याची वाजव." त्याची म्हणजे नवऱ्याने बांधलेली नाचाची धून. तिने वाजवली. दोन बायकांनी तोंडावर सुनावलं, नवरा जाऊन चार दिवस नाही झाले आणि हिला नाच सुचतोय. त्यातली एक तर शेजारचीच इस्त्रीवाली होती. वहिनीने धून थांबवली नाही. धून संपेपर्यंत रांग सरळ झाली होती.

तिने तडक दिग्दर्शकाला फोन लावला.

"ताई, प्रसंग तुमचाच आहे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "फक्त धून बदललीय. नवरा गेलेली बाई चौथ्या दिवशी नाचाचं वाजवतेय, हे प्रेक्षकांच्या गळी उतरणार नाही."

"तेव्हाही उतरलं नव्हतं. तरी मी वाजवलं. दाखवायचं होतं ते तेवढंच."

"आता काही होणार नाही. सगळं पक्कं झालंय."

"बरं," वहिनी म्हणाली. "मग शुक्रवारी आमचं आम्ही बघतो."

संध्याकाळी तिने बँडच्या सातही जणांना गोळा केलं आणि बेत सांगितला. दिराच्या कपाळावर आठ्या पडल्या. "लोक दोन महिने वाट बघतायत, वहिनी. मध्येच आवाज बंद केला तर चिडतील."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली. "चिडू देत. त्या दिवशीही चिडले होते."

"भावजी, रिमोट तुमच्याकडे," वहिनी म्हणाली आणि विषय संपला.

शुक्रवारी नव्या सभागृहात पडदा लावला होता. मुंगी शिरायला जागा नव्हती. आपली गल्ली दिसली की लोक टाळ्या पिटत, आपलं दुकान दिसलं की शेजाऱ्याला कोपराने ढोसत. वहिनी पडद्याच्या बाजूला उभी होती. बाकीचा बँड तिच्या मागे बसला होता. पंचवीस मिनिटांनी तंबूंचं मैदान आलं. नटीने ट्रम्पेट उचलला, संथ धून सुरू झाली. वहिनीने दिराला मानेने खूण केली. आवाज बंद.

"अरे, आवाज," मागून कोणीतरी ओरडलं. "कोण आहे तिकडे?"

वहिनीने ट्रम्पेट फुंकला. पहिला सूर घसरला, जसा मैदानात घसरला होता तसाच. मग तिने तो पकडला, मागून ड्रम आला आणि धून धावायला लागली. पडद्यावर नटी रडत होती, आणि इकडे भिंती नाचाच्या ठेक्याने घुमत होत्या. काहींनी तोंडं वाकडी केली. एक गृहस्थ रागाने उठून गेले. इस्त्रीवाली मधल्या रांगेत होती. ती उठली तेव्हा वहिनीला वाटलं, आता ही परत सुनावणार. पण इस्त्रीवालीने आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि तिथेच उभी राहिली, डोळे पडद्याकडे नाही, वहिनीकडे.

मग बाकीच्या खुर्च्याही भिंतीकडे सरकल्या आणि मधे नाचायला जागा झाली.

पडद्यावरचा प्रसंग मिनिटभरात संपला. नायक आला, काहीतरी मोठं बोलू लागला. दिराचा हात रिमोटकडे गेला, तशी वहिनीने वाजवता वाजवताच मानेने नको म्हटलं. ती धून नऊ मिनिटांची होती. तिच्या नवऱ्याने ती नऊ मिनिटांची बांधली होती आणि एक सेकंदही कमी होणार नव्हता. ती संपली तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती.

दुसऱ्या दिवशी बेकरीत पाव घेताना एका गिऱ्हाइकाने तिला कुरकुरत विचारलं, "अहो वहिनी, शेवटी नायक काय म्हणाला, ते कळलंच नाही."

"मला काय माहीत," वहिनी म्हणाली. "मी कामात होते."